ठिबक संचासाठीं दाबमापकाची निवड

पंपाशेजारीं नळीवर बसविलेलें घड्याळाच्या आकाराचें एक यंत्र बहुतेक ठिबक संचांवर दिसतें. त्यास कोणी प्रेशर गेज म्हणतात, कोणी नुसता कांटा म्हणतात. पंप, नळी, गाळणी व ड्रिपर घेतांना शेतकरी चार ठिकाणीं चौकशी करतो. कांटा मात्र दुकानदार जो देईल तो घेतो. हल्लीं दाब मोजून त्याचा आंकडा तारेनें नियंत्रण-पेटीकडे किंवा मोबाइलवर पाठविणारे संवेदकही शेतावर येऊं लागले आहेत. बाजारांत त्यांस प्रेशर सेन्सर किंवा ट्रान्समीटर म्हणतात. त्यांची किंमत साध्या कांट्याच्या अनेकपट असते. सबब निवडीचा विचार आतां टाळण्यासारखा राहिलेला नाहीं.

प्रस्तुत लेखकास हा विचार एका नुकसानीनें शिकविला. आमच्या डाळिंबाच्या बागेंत वाळूच्या गाळणीच्या आधीं एक व नंतर एक असे दोन कांटे होते. दोहोंवर ० पासून १६ किलोपर्यंत आंकडे. फळें लिंबाएवढीं झालीं असतां शेवटच्या ओळींतील झाडें दुपारीं मलूल दिसूं लागलीं. गाळणी तुंबली असेल काय, ह्या शंकेनें मीं कांटे पाहिले. पहिला २ किलोच्या किंचित् वर, दुसरा २ किलोच्या किंचित् खालीं; फरक फार तर ०.२ किलोचा. गाळणी ठीक आहे असें समजून मीं ड्रिपर तपासले, नळ्या धुतल्या, मोटर कारागिरास दाखविली, आणि पंधरा दिवस घालविले. शेवटीं गाळणीचें झांकण उघडलें तेव्हां वाळूवर शेवाळ व गाळ ह्यांचा जाड थर बसलेला आढळला. गाळणी धुतांच संच पूर्ववत् चालूं लागला. परंतु तहानलेल्या झाडांस एकदम पाणी मिळाल्यानें फळें तडकलीं, आणि हंगामाचा बराच भाग त्यांत गेला.

पुढें दोन्ही कांटे एकाच जागीं आळीपाळीनें लावून पाहिले. पहिला कांटा दुसऱ्यापेक्षां जवळजवळ ०.४ किलो कमी दाखवीत होता. म्हणजे गाळणीच्या दोन बाजूंमधील खरा फरक ०.२ नसून ०.६ च्या आसपास होता. विकणाऱ्यानें फसविलें असें म्हणावें तर तसेंही नव्हे. तबकडीच्या खालच्या बाजूस २.५ असा बारीक अंक छापलेला होता; त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, इतकेंच.

ह्या अंकास कांट्याचा वर्ग म्हणतात. वर्ग २.५ म्हणजे कांट्याची संभाव्य चूक त्याच्या संपूर्ण पल्ल्याच्या शेंकडा २.५ इतकी. येथें ‘संपूर्ण पल्ल्याच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कांटा १६ किलोचा असेल तर ही चूक ०.४ किलो होते, आणि ती १६ किलोवर जितकी संभवते तितकीच २ किलोवरही संभवते. दोन कांटे उलट दिशांनीं चुकले तर त्यांच्या वजाबाकींत ०.८ किलोपर्यंत खोट येऊं शकते. गाळणी धुण्याची वेळ झाली हें ओळखण्याचा फरक मात्र साधारणतः ०.५ किलोचा. जो जिन्नस तोलावयाचा त्याहून तराजूची खोटच मोठी! माझ्या कांट्यांनीं आपल्या वर्गाबाहेर कांहींएक चूक केली नव्हती. तशा कामावर ते नेमणें हीच चूक होती.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं, ह्या आंकड्यावरून आपणांस कोणता निर्णय करावयाचा आहे हें कागदावर लिहून काढावें. पंप पाण्याविना चालूं लागला तर तो बंद पडावा, एवढाच हेतु असेल तर महागड्या संवेदकाची गरज नाहीं. ठराविक दाबाखालीं वीज तोडणारा प्रेशर स्विच पुरतो. शेवटच्या उपनळींत १ किलो दाब पोंचतो कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर ४ किलोचा साधा कांटा पुरेसा आहे. साध्या ड्रिपरांतून येणारें पाणी बहुधा दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतें. दाब १ किलोवरून ०.७ वर उतरला तर पाणी शेंकडा सुमारें १६ नें घटतें, तेव्हां ०.१ किलोची चूक तेथें चालून जाते. दाब-नियंत्रित ड्रिपर तर बराच दाब घटेपर्यंत पाणी सारखेंच देतात. गाळणीचा फरक हें मात्र नाजूक काम आहे, आणि नेमकें तेथेंच आपण सर्वांत ढोबळ यंत्र बसवितों.

मापांविषयीं थोडक्यांत. आपण ज्यास किलो म्हणतों तो दर चौरस सेंटिमीटरवरील १ किलोग्रॅमचा भार होय. १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशीं जो दाब होतो तोच हा. १ बार म्हणजे १.०२ किलो, म्हणजेच १०० किलोपास्कल, म्हणजेच १४.५ पौंड दर चौरस इंचास. बार आणि किलो ह्यांतील भेद शेतावर सोडून दिला तरी चालतो. पौंडांचा कांटा किलोंचा समजून वाचणारा मनुष्य मात्र मीं पाहिला आहे.

आतां पल्ला कमी असलेला कांटा घ्यावा, असें वरील हिशेबावरून कोणीही म्हणेल. परंतु त्यांत एक अडचण आहे, आणि ती समजण्यास यंत्राच्या पोटांत डोकावलें पाहिजे. साध्या कांट्यांत अर्धवर्तुळाकार वांकविलेली एक चपटी पोकळ नळी असते. आंत दाब वाढला कीं ती उलगडूं पाहते, आणि तिच्या टोकाची हालचाल दांतेरी चाकांवरून कांट्यापर्यंत जाते. युजीन बूर्दों ह्या फ्रेंच यंत्रकारानें १८४९ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. आजचे बहुतेक कांटे त्याच तऱ्हेचे आहेत. विजेच्या संवेदकांत नळीऐवजीं पातळ पडदा असतो. दाबानें तो अत्यल्प वांकतो, त्यावरील सूक्ष्म रोधकांचा विद्युत्-रोध त्यामुळें बदलतो, आणि त्या बदलावरून दाब काढतात. सिलिकॉनमध्यें हा बदल धातूच्या मानानें कित्येक पट मोठा असतो, हें चार्ल्स स्मिथ ह्यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेथून पुढें हे संवेदक लहान व स्वस्त होत गेले. नळी असो वा पडदा असो, ताण सोसण्याची त्यास मर्यादा असते. ती ओलांडली म्हणजे तो पूर्वस्थितीस येत नाहीं. मग पंप बंद असतांही कांटा शून्यावर न येतां पाव-अर्धा किलो दाखवीत राहतो.

आणि मर्यादा ओलांडण्याचा प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतो. वीज एकदम जाते, चढावावरील नळींतलें पाणी परत फिरतें, आणि एकेरी झडप धाडकन् मिटते. नळींतील पाणी एकदम अडलें असतां दाब किती चढतो ह्याचें गणित झुकोव्स्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें मॉस्को येथील जलवाहिन्यांवरील प्रयोगांवरून १८९८ सालीं मांडलें. पाण्याची घनता, नळींतून दाबाची लहर जाण्याचा वेग आणि पाण्याचा जो वेग अडला तो, ह्या तिहींचा गुणाकार करावयाचा. पी.व्ही.सी. नळींत लहरीचा वेग सेकंदास ४०० मीटरच्या सुमारास धरला, आणि पाणी सेकंदास १.५ मीटर वेगानें चाललेलें असलें, तर धक्का सुमारें ६ किलोचा होतो. तो चालू दाबांत मिळवावयाचा. लोखंडी नळींत लहर ह्याच्या अडीच-तीन पट वेगानें जाते, आणि धक्काही त्या मानानें वाढतो. २ किलोवर चालणाऱ्या संचाला दुकानदार १६ किलोचा कांटा देतो तो ह्याच भीतीनें. तो मोडून परत येऊं नये, ही त्याची काळजी. त्यावर काय वाचतां येतें, ही आपली.

ही कोंडी सुटण्यासारखी आहे. हातानें वाचावयाच्या कांट्याखालीं एक लहान चावी बसवावी, आणि वाचावयाचें असेल तेव्हांच ती उघडावी. पंप चालू वा बंद होतांना ती मिटलेली असावी. इतकें केलें तर ४ किलोचा, १.६ वर्गाचा कांटा निर्धास्तपणें वापरतां येतो. सतत चालणाऱ्या संवेदकास अशी सोय नाहीं. त्याच्या गळ्यांत बारीक भोंकाचा एक तुकडा बसवितात, त्यास स्नबर म्हणतात. धक्का त्या भोंकांतून हळूहळू उतरतो. गढूळ पाण्यांत मात्र हें भोंक तुंबतें व आंकडा जागच्या जागीं थिजतो, यास्तव गाळणीच्या आधींच्या बाजूस तो वरचेवर साफ करावा लागतो. ग्लिसरीन भरलेल्या कांट्याविषयीं एक गैरसमज आढळतो. ग्लिसरीन कांट्याची थरथर थांबवितें व चाकांची झीज कमी करतें. धक्का अडविण्याचें काम तें करीत नाहीं.

संवेदकाच्या माहितीपत्रकांत दाबाचे तीन आंकडे निरनिराळे दिलेले असतात. एक मोजण्याचा पल्ला. दुसरा, जेथपर्यंत दाब चढला तरी यंत्र बिघडत नाहीं तो. तिसरा, जेथें पडदा फुटतो तो. पुष्कळ लोक पहिलाच तेवढा पाहतात. २ किलोच्या कामास, वरीलप्रमाणें ८ किलोपर्यंत धक्का धरून, ६ किलो पल्ल्याचा पण १२ किलो सोसणारा संवेदक घ्यावा असें माझें मत आहे. त्याची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या शेंकडा ०.५ असेल तर चूक ०.०३ किलोच राहते. दाब हेलकावत असेल तर नेहमींचें काम पल्ल्याच्या दोन-तृतीयांशांपुढें जाऊं देऊं नये.

गाळणीपुरता सर्वांत स्वस्त उपाय सांगतों, आणि आमच्याकडे आतां तोच आहे. दोन कांटे न घेतां चांगला एकच घ्यावा, आणि गाळणीच्या दोन्ही बाजूंकडून बारीक नळ्या आणून त्या तिहेरी चावीनें त्याच कांट्यास जोडाव्या. चावी इकडे फिरविली कीं आधींचा दाब, तिकडे फिरविली कीं नंतरचा. कांटा ०.१ किलो कमी दाखवीत असला तर दोन्ही वेळां कमीच दाखवील, आणि वजाबाकींत ती खोट नाहींशी होईल. ज्यांस गाळणी आपोआप धुतली जावी अशी इच्छा आहे त्यांनीं फरकमापक संवेदक घ्यावा. त्याच्या पडद्याच्या दोन्ही अंगांस दोन दाब लागतात व तो त्यांतील अंतरच मोजतो. १ किलोचा पल्ला त्यास पुरतो. मात्र एका बाजूची चावी चुकून बंद राहिली तर नळींतील सगळा दाब पडद्याच्या एकाच अंगावर येतो. तो सोसण्याची ताकद त्यांत आहे काय, हें लेखी विचारून घ्यावें.

विहिरीची अथवा कूपनलिकेची पाण्याची पातळी मोजण्यास जो संवेदक खालीं सोडतात तोही दाबाचाच होय. येथें पल्ला ठरवितांना कूपनलिका किती खोल हें पाहूं नये. संवेदकाच्या वर जास्तींत जास्त पाणी किती येईल तें पाहावें. संवेदक १०० मीटरवर टांगला, उन्हाळ्यांत पाणी ४० मीटरवर असलें, तर त्यावर ६० मीटरचा स्तंभ आहे, म्हणजे ६ किलो. पण पावसाळ्याअखेर पाणी १० मीटरवर चढलें तर ९ किलो होतात. तेथें १० किलोचा पल्ला हवा. शेंकडा ०.५ अचूकतेनें चूक अर्धा मीटर येईल. पंप कोरडा चालूं नये एवढ्यापुरतें तें ठीक. आठवड्यास पाणी किती बोटें उतरलें हें त्यावरून कळणार नाहीं.

ह्या संवेदकाच्या तारेच्या पोटांत केंसासारखी बारीक हवानळी असते, आणि तिच्यांतून वातावरणाचा दाब पडद्याच्या मागल्या बाजूस पोंचतो. ती नसली तर यंत्र पाण्याबरोबर हवेचेंही वजन मोजतें. मुंबईपेक्षां पुण्यास हवेचा दाब पाण्याच्या सुमारें ६५ सेंटिमीटर स्तंभाइतका कमी असतो, आणि एकाच गांवींही पावसाळी हवेनें तो कांहीं सेंटिमीटर खालींवर होतो. विहिरीसाठीं म्हणून हवानळीचा संवेदक मागावा. तिचें वरचें टोंक कोरड्या पेटींत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावें. एका कारागिरानें तें टोंक पाणी जाऊं नये म्हणून चिकटपट्टीनें घट्ट बंद केलेलें मीं पाहिलें आहे; हेतु चांगला, परिणाम उलट. जमिनीची ओल मोजणाऱ्या टेन्शिओमीटरला मात्र उलट दिशेचें, म्हणजे शून्याखालचें माप हवें. तेथें ० ते १०० सेंटिबारचा निर्वातमापक बसतो, आणि ८० च्या पुढें नळींत हवा शिरूं लागल्यानें त्याचा आंकडा विश्वसनीय राहत नाहीं.

पाण्याबरोबर खतें व आम्ल सोडणाऱ्यांनीं यंत्राच्या धातूची चौकशी अवश्य करावी. साध्या कांट्याची नळी पितळेची वा कांशाच्या जातीची असते. अमोनिया पितळेस बारीक भेगा पाडतो, आणि आम्ल तर त्यास खातेंच. ३१६ जातीचें गंजरोधक पोलाद पुष्कळ बरें. पण ड्रिपर साफ करण्यास आपण जें हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतों तें त्यासही खड्डे पाडतें. खर्चिक धातूच्या मागें लागण्यापेक्षां, शक्य असेल तर मापकाची जागा व्हेंचुरीच्या आधीं ठेवावी. खताच्या पुढेंच मोजावयाचें असेल तर चिनी मातीच्या जातीच्या पडद्याचा संवेदक मागावा.

तारेविषयीं एवढेंच. विहिरीपासून पेटी दूर असेल तर ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह देणारा संवेदक घ्यावा. तार लांब असली तरी, पुरवठ्याचे व्होल्ट पुरेसे असेपर्यंत, प्रवाह तोच राहतो. शून्य दाबाला ४ असल्यामुळें, तार तुटली व प्रवाह ० झाला तर तें लगेच कळतें. १० किलोच्या संवेदकानें १२ मिलिअँपिअर दाखविले म्हणजे दाब ५ किलो. ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारे संवेदक स्वस्त असतात, आणि पेटीपासून दोन-चार हातांवर ते उत्तम चालतात. परंतु त्यांचा आंकडा बहुधा पुरवठ्याच्या ५ व्होल्टांवर अवलंबून असतो. लांब तारेंत पुरवठा ४.७५ वर आला आणि पेटीस तें कळलें नाहीं, तर आंकडा शेंकडा ५ नें घसरतो. उघड्यावर बसवावयाच्या पेटीवर आय.पी. ६५ ही खूण पुरते. पाण्यांत कायम राहणाऱ्यास ६८ हवी, तीही किती मीटर खोलीसाठीं हें विचारून. वैशाखांतील उन्हांत लोखंडी पेटी हातास चटका देते. संवेदकाची तापमान-मर्यादा वाचावी, आणि त्यावर पांढऱ्या पत्र्याची सावली करावी.

घेतलेला मापक खरा कीं खोटा, हें घरीं पाहतां येतें. प्रथम नळी उघडी ठेवून तो शून्यावर येतो काय तें पाहावें. मग घरावरील टांकीच्या नळास तो जोडावा, दुसऱ्या सर्व तोट्या बंद कराव्या, आणि टांकींतील पाण्याच्या पृष्ठापासून मापकाच्या मध्यापर्यंतची उंची टेपनें मोजावी. उंची ७ मीटर भरली तर कांट्यानें ०.७ किलो दाखविले पाहिजेत. पाणी वाहत नसल्यानें नळींतील घर्षणाचा प्रश्नच येत नाहीं, आणि पाण्याच्या उंचीसारखें प्रामाणिक वजन दुसरें नाहीं. ह्या परीक्षेनें पल्ल्याचा खालचा भागच तपासला जातो हें खरें. पण गाळणीचा फरक ह्याच भागांतला असतो.

बसवितांना भोंक नळीच्या बाजूस पाडावें. माथ्यावर हवा अडकते, तळाशीं गाळ बसतो. कांटा फिरवून घट्ट करतांना पाना त्याच्या चौकोनी दांड्यास लावावा, तबकडीस धरून पिळूं नये. ह्यानंतर एक वही ठेवावी. आमच्या वहींत चार रकाने आहेत: तारीख, गाळणीच्या आधींचा दाब, नंतरचा दाब, आणि पंप बंद असतांना कांटा कोठें उभा राहतो तें. हा चौथा रकाना ज्या दिवशीं शून्य सोडतो त्या दिवशीं कांटा काढून टांकीच्या नळास लावतों.